यंत्रस्मृतीची राखण

संगणकाची स्मृति म्हणजे एकाला एक लागून असलेल्या, क्रमांक घातलेल्या लहान लहान खणांची एक लांबलचक ओळ होय. टपालकचेरींत पत्रें निवडण्याकरितां लांकडी खणांची मांडणी असते, तिचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. कोणतीहि आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, चालूं लागली कीं ती या ओळींतील कांहीं खण मागून घेते, त्यांत आपले आंकडे व अक्षरें ठेवते आणि काम संपल्यावर ते खण परत करते. मागणें, वापरणें आणि परत करणें एवढाच हा व्यवहार. परंतु संगणकाच्या जगांत गेल्या कित्येक वर्षांत जे अपघात झाले व ज्या चोऱ्या झाल्या, त्यांचा मोठा भाग या साध्या व्यवहारांतील चुकांतूनच उद्भवलेला आहे.

या चुका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. धर्मशाळेंत उतरलेला प्रवासी आपली खोली भरली म्हणून शेजारच्या खोलींत सामान लोटूं लागला, तर शेजाऱ्याचें सामान चिरडतें. ही पहिली चूक. तोच प्रवासी खोली सोडून गेला, व्यवस्थापकानें ती दुसऱ्या कुटुंबाला दिली, आणि जवळ राहिलेल्या जुन्या किल्लीनें पहिला प्रवासी रात्रीं पुन्हां आंत शिरला. ही दुसरी चूक. संगणकांत या चुका घडतात तेव्हां बहुधा कसलाहि आवाज होत नाहीं. यंत्र मुकाट्यानें दुसऱ्याचें मूल्य पुसून टाकतें किंवा दुसऱ्याचें गुपित उघड करतें, आणि परिणाम दिसतो तो पुष्कळ वेळानें व भलत्याच ठिकाणीं. म्हणूनच त्या शोधून काढणें फार दुर्घट असतें.

या प्रश्नाची जाणीव अगदीं आरंभापासून होती. इंग्लंडांत एलियट ब्रदर्स या कंपनीमध्यें टोनी होअर यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत आल्गोल ६० या भाषेचा कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे माणसानें लिहिलेल्या आज्ञावलीचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा दुभाषी. होअर यांच्या कंपायलरनें एक पथ्य पाळलें होतें : यादींतील एखाद्या खणाला हात लावावयाचा झाला कीं प्रत्येक वेळीं तो खण त्या यादीचाच आहे कीं नाहीं, याची तपासणी होई. यानें कामाची गति कमी होत असे, आणि तीं यंत्रें मुळांतच मंद होतीं. म्हणून कंपनीनें आपल्या गिऱ्हाइकांना विचारलें, ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय ? सर्वांनीं एकमुखानें नको म्हणून सांगितलें. अशा चुका किती वारंवार होतात, हें त्यांना अनुभवानें कळलें होतें. १९८० सालीं ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांत होअर यांनीं ही हकीकत सांगितली, आणि इतक्या वर्षांनंतरहि भाषा रचणारे व वापरणारे हा धडा शिकले नाहींत, अशी खंत व्यक्त केली.

धडा विसरला गेला त्यालाहि कारण होतें. अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील मरे हिल येथें बेल लॅबोरेटरीज ही संशोधनसंस्था होती. तेथें केन थॉम्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ मध्यें युनिक्स ही संगणकाचा सर्व कारभार पाहणारी प्रणाली लिहावयास घेतली. पुढें ज्या पीडीपी-११ यंत्रावर तिची वाढ झाली, त्याची स्मृति अवघी २४ किलोबाइट होती. आज हातांतील फोननें काढलेल्या एका छायाचित्रालाहि याच्या कितीतरी पट जागा लागते. एवढ्याशा जागेंत कारभार हांकावयाचा, तर प्रत्येक खण जपून वापरणें भाग होतें. याच गरजेंतून १९७१ ते १९७३ या काळांत रिची यांनीं सी ही भाषा घडविली, आणि १९७३ मध्यें युनिक्सचा गाभा तिच्यांत नव्यानें लिहिला गेला. सी भाषा खणाचा क्रमांक प्रोग्रामरच्या हातीं देते आणि तो क्रमांक बरोबर आहे कीं नाहीं याची विचारपूस करीत नाहीं. तिचा प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास असतो.

या विश्वासाला त्या वेळीं आधार होता. भाषा वापरणारे मूठभर होते, एकाच संस्थेंत काम करीत होते आणि आपापल्या विषयांत निष्णात होते. रिची यांना दोष देणें म्हणूनच न्यायाचें होणार नाहीं. पण भाषा त्या इमारतीच्या भिंती ओलांडून बाहेर पडली. १९७८ मध्यें कर्निघन व रिची यांचें सी भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जगांतील बहुतेक संगणकांचा अंतर्गत कारभार सी व तिच्यापासून निघालेली सी प्लस प्लस यांच्या स्वाधीन झाला. विश्वास तसाच राहिला. ज्यांच्यावर तो ठेवावयाचा त्यांची संख्या लक्षावधींवर गेली.

पहिला मोठा तडाखा १९८८ च्या २ नोव्हेंबरला बसला. कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेली, आणि अंदाजें सहा हजार यंत्रें तिनें जर्जर केलीं. तिनें वापरलेल्या वाटांपैकीं एक अशी होती : दुसऱ्या यंत्रावरील व्यक्तीची माहिती विचारणारी एक साधी सोय होती, आणि तिच्यांत आलेला प्रश्न ठेवण्याकरितां ५१२ अक्षरांची जागा राखलेली होती. मॉरिसच्या आज्ञावलीनें तेथें ५३६ अक्षरें पाठविलीं. वाढलेलीं चोवीस अक्षरें शेजारच्या खणांत सांडलीं, आणि त्या खणांत यंत्रानें पुढें कोठें जावयाचें याचा पत्ता होता. पत्ता बदलला, आणि यंत्र परक्याच्या आज्ञेंत गेलें. हीच ती धर्मशाळेंतील पहिली चूक.

त्यानंतर पंचवीस वर्षें लोटलीं तरी चूक तशीच होती. ७ एप्रिल २०१४ रोजीं ओपन-एसएसएल या आज्ञावलींतील एक दोष जाहीर झाला. हार्टब्लीड या नांवानें तो कुप्रसिद्ध आहे. इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांची गुप्तता राखण्याचें काम ही आज्ञावली करते. दोन यंत्रें एकमेकांना "जागा आहेस ना ?" असें विचारतात, त्या वेळीं पहिलें यंत्र एक शब्द पाठवितें, त्याची लांबी सांगतें, आणि दुसऱ्यानें तोच शब्द परत म्हणून दाखवावयाचा असतो. लहानसा शब्द पाठवून लांबी मात्र अवाढव्य सांगितली, तर दुसरें यंत्र तो शब्द म्हणून झाल्यावर शेजारच्या खणांतील मजकूरहि वाचून दाखवी, आणि असा एका वेळीं ६४ किलोबाइटपर्यंत. हा दोष दोन वर्षें कोणाच्या लक्षांत आला नव्हता. त्याचा फायदा घेऊन कॅनडाच्या करखात्यांतून सुमारे नऊशें नागरिकांचे सामाजिक विम्याचे क्रमांक चोरीस गेले. सी भाषेचें नांवहि त्यांपैकीं बहुतेकांनीं कधीं ऐकलें नसेल.

अशा वेळीं "प्रोग्रामरनें अधिक काळजी घ्यावयास हवी होती" हें उत्तर तोंडाशीं येतें. पण हें उत्तर पन्नास वर्षें देऊन झालें आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अभियंत्यांनीं २०१९ मध्यें सांगितलें कीं, आपल्या आज्ञावलींतील सुरक्षेचे जे दोष दरवर्षीं दुरुस्त केले जातात, त्यांतील सुमारें सत्तर टक्के स्मृतीच्या गैरव्यवहाराचे असतात. २०२० मध्यें गूगलच्या क्रोमियम ब्राउझरच्या गंभीर दोषांसंबंधीं हेंच प्रमाण आढळलें. या कंपन्यांतील माणसें अडाणी नव्हतीं किंवा आळशीहि नव्हतीं. लक्षावधी ओळींच्या लिखाणांत एकहि चूक न करण्याची सक्ति माणसाच्या अवधानावर केली, तर तें केव्हां तरी चुकणारच.

दुसरा एक मार्ग फार पूर्वींच सांपडला होता. जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प या भाषेकरितां १९६० च्या सुमारास अशी योजना केली कीं, कोणते खण कोणाच्याहि उपयोगाचे उरले नाहींत हें यंत्रानेंच अधूनमधून पाहावें आणि ते झाडून गोळा करावे. १९९५ मध्यें आलेल्या जावा भाषेनें हा मार्ग घरोघर पोंचविला. सामान्य कामाला तो उत्तम आहे. परंतु झाडूवाला आला कीं काम क्षणभर थांबतें, आणि त्याला ठेवावयास जागाहि लागते. संगणकाचा गाभा चालविणारी किंवा मोटारींतील ब्रेक सांभाळणारी आज्ञावली भलत्या क्षणीं थांबून चालत नाहीं. त्यामुळें अशीं कामें करणाऱ्यांपुढें दोनच पर्याय उरले : वेग पाहिजे असेल तर धोका पत्करावा, किंवा सुरक्षितता पाहिजे असेल तर वेग सोडावा. दोन्ही एकत्र साधण्याचा प्रयत्न या शतकाच्या आरंभीं कॉर्नेल विद्यापीठ व एटी अँड टी यांच्या संशोधकांनीं सायक्लोन नांवाच्या भाषेंत केला. ती भाषा प्रचारांत आली नाहीं, पण तिच्यांतील कल्पना वायां गेल्या नाहींत.

२००६ मध्यें कॅनडांतील व्हँकूवर शहरीं ग्रेडन होअर नांवाचा एक प्रोग्रामर घरीं परतला, तों इमारतीचा पाळणा बंद पडलेला. त्याची आज्ञावली कोसळली होती, आणि असें वारंवार होत असे. घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढतांना त्याच्या मनांत आलें कीं, संगणक बनविणाऱ्या लोकांना साधा पाळणासुद्धां न कोसळतां चालवितां येऊं नये, ही लाजेची गोष्ट आहे. त्यानें एका नव्या भाषेची आंखणी सुरू केली. टोनी होअर आणि हे होअर यांचें आडनांव एक असलें तरी माणसें वेगळीं. विचाराचा वारसा मात्र एकच.

भाषेचें नांव ठेवलें रस्ट. लोखंडावरील गंज असा त्याचा अर्थ कोणाच्याहि मनांत येईल. पण नांव घेतलें होतें तें याच नांवाच्या बुरशीवरून. गव्हावर पडणारा तांबेरा तो हाच. शेतकऱ्याचा हा वैरी कसल्याहि परिस्थितींत तग धरून राहतो, आणि तो चिवटपणाच निर्मात्याला आवडला होता. होअर नोकरी करीत असलेल्या मोझिला संस्थेनें २००९ मध्यें या कामाला आश्रय दिला, आणि २०११ मध्यें रस्टचा कंपायलर रस्टमध्येंच लिहून त्यानें स्वतःचें रूपांतर स्वतः केलें. आरंभीं या भाषेंतहि झाडूवाल्याची सोय होती. पण भाषा जसजशी घडत गेली तसतसें त्याच्यावांचून चालेल असें दिसून आलें, आणि त्याला निरोप देण्यांत आला. होअर २०१३ मध्यें प्रमुखपदावरून दूर झाले. १५ मे २०१५ रोजीं भाषेची पहिली पक्की आवृत्ति बाहेर पडली, तेव्हां ती अनेक हातांची कृति बनलेली होती.

झाडूवाला नाहीं आणि धोकाहि नाहीं, हें साधलें कसें ? उत्तर मालकी व उसनवारी यांच्या नियमांत आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदारांचीं नांवें असूं शकतात; रस्टमध्यें प्रत्येक मूल्याचा मालक एका वेळीं एकच असतो. मालकाचा कार्यभाग संपला कीं खण आपोआप परत जातो. मालकी दुसऱ्याला दिली, तर पहिल्याचा हक्क तेथेंच संपतो. मालकी न देतां मूल्य उसनें देतां येतें, पण त्यालाहि शिस्त आहे. फळ्यावरील मजकूर सगळा वर्ग एकाच वेळीं वाचूं शकतो. परंतु गुरुजी फळा पुसून नवें लिहीत असतांना कोणीं उतरून घेऊं नये. त्याचप्रमाणें वाचण्यासाठीं मूल्य कितीहि जणांनीं उसनें घ्यावें. बदलण्यासाठीं मात्र एकानेंच घ्यावें, आणि त्या वेळीं दुसऱ्या कोणाची नजरहि त्यावर असूं नये. शिवाय मालकाच्या मागें उसनी वस्तु उरतां कामा नये. हे नियम पाळले आहेत कीं नाहींत, हें कंपायलरमधील बॉरो चेकर, म्हणजे उसनवारीचा तपासनीस, आज्ञावली चालूं होण्यापूर्वींच पाहतो. तपासणी आधींच उरकल्यामुळें चालतांना या नियमांचा भार यंत्रावर पडत नाहीं.

नियम ऐकावयास सोपे आहेत, पण शिकणाऱ्याची परीक्षा येथूनच सुरू होते. समजा, नवशिक्यानें गांवांच्या नांवांची एक यादी केली : वाई, कराड, पाटण, फलटण. पहिल्या नांवाकडे बोट दाखवून ठेवलें, यादींत कोरेगांव वाढविलें, आणि मग बोट ठेवलेलें नांव छापावयास सांगितलें. कंपायलर ही आज्ञावली स्वीकारीत नाहीं. नवशिक्या गोंधळतो, एक नांव वाढविलें, त्यांत पहिल्या नांवाचें काय बिघडलें? पण यादीला जागा चारच नांवांची मिळालेली असेल, तर पांचवें नांव येतांच सगळी यादी उचलून मोठ्या जागेंत न्यावी लागते व जुने खण परत जातात. बोट मात्र जुन्या जागेकडेच राहतें. ही धर्मशाळेची जुनी किल्ली. सी प्लस प्लसमध्यें अशीच आज्ञावली लिहिली तर कंपायलर ती चालूं देतो. चांचणीच्या दिवशीं ती कदाचित् बरोबर उत्तरहि देईल, आणि पुढें कधीं तरी, गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, दगा देईल. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे नकार देणारा कंपायलर वैरी वाटेनासा होतो. मात्र तें ध्यानांत येईपर्यंतचे दिवस कष्टाचे असतात, आणि पुष्कळ जण त्या दिवसांतच पुस्तक मिटून ठेवतात. कांहीं जण प्रत्येक अडचणीला मूल्याची नक्कल काढून पळवाट शोधतात. नक्कल करणें गुन्हा नव्हे. पण ती कशासाठीं केली हें न कळलें, तर शिकण्याचें काम पुढें ढकललें जातें इतकेंच.

ज्यांनीं सी भाषेंत वर्षानुवर्षें काम केलें, त्यांना हा अभ्यास अनेकदां नवशिक्यापेक्षांहि जड गेला. सी भाषेच्या पाठ्यपुस्तकांत दुहेरी साखळीचा धडा लवकर येतो. त्यांत प्रत्येक कडीजवळ मागच्या व पुढच्या अशा दोन्ही कड्यांचे पत्ते असतात. मग त्या कडीचा मालक कोण, मागची कीं पुढची ? रस्ट हा प्रश्न विचारते, आणि जी गोष्ट सीमध्यें बाळपाठ होती ती येथें प्रौढांचा विषय होऊन बसते. हात न उचलतां झपाझप मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बाळबोध लिहावयास बसविलें, तर त्याला आपला हात बांधल्यासारखा वाटे. त्याचें कौशल्य खरें असे आणि त्याची चिडहि खरी असे. पण मोडींतील ऱ्हस्वदीर्घाचा निर्णय वाचणाऱ्याच्या तर्कावर सोडलेला असतो, आणि बाळबोधांत तो कागदावरच झालेला असतो. सी आणि रस्ट यांतील अंतर बरेंचसें असेंच आहे.

या तक्रारी भाषेच्या चालकांनीं झिडकारल्या नाहींत, हें त्यांचें भूषण होय. २०१६ मध्यें कंपायलरच्या दोषसूचनांना नवें रूप देण्यांत आलें. मालकी कोठें दिली, नंतर मूल्य कोठें वापरलें आणि बहुधा काय केल्यानें चूक सुधारेल, हें ओळींखालीं खुणा करून दाखविलें जाऊं लागलें. सूचनेला क्रमांक असतो, आणि तो सांगितला कीं उदाहरणासह खुलासा वाचावयास मिळतो. नुसती फुली मारणारा परीक्षक आणि चूक कोठें झाली तें समासांत लिहिणारा शिक्षक यांत जो फरक, तोच येथें झाला. स्टीव्ह क्लॅबनिक व कॅरल निकोल्स यांचें पाठ्यपुस्तक २०१८ मध्यें छापून निघालें. इंटरनेटवर तें विनामूल्य वाचतां येतें. त्याच वर्षींच्या डिसेंबरांतील आवृत्तीनें नियमांचा जाचहि कमी केला. पूर्वीं उसनें घेतलेलें मूल्य आज्ञांचा तो गट संपेपर्यंत अडकून राही. आतां त्याचा शेवटचा उपयोग झाला कीं तें सुटतें. नियमाचा गाभा न सोडतां त्यांतील अनावश्यक कांटा काढला, हा या इतिहासांतील एक समंजस प्रसंग आहे.

भाषेला मर्यादाहि आहेत. यंत्राच्या अगदीं मुळाशीं जाऊन करावयाच्या कांहीं गोष्टी या नियमांत बसत नाहींत. त्यांच्याकरितां 'अनसेफ' असा शब्द लिहून वेगळें कुंपण घालावें लागतें, आणि त्या कुंपणाच्या आंत जबाबदारी पुन्हां माणसाची असते. लाभ एवढाच कीं, दोष शोधणाऱ्याला सारें रान तुडवावें लागत नाहीं. जर्मनींतील माक्स प्लांक संस्थेच्या राल्फ युंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भाषेच्या गाभ्याचें एक गणिती रूप घेऊन तिची ग्वाही खरी ठरते अशी सिद्धता २०१८ मध्यें प्रसिद्ध केली. पण व्याजाची रक्कम चुकीच्या सूत्रानें मांडली, तर तें सूत्र चुकीचें आहे असें कोणतीहि मालकी किंवा उसनवारी सांगणार नाहीं.

डिसेंबर २०२२ मध्यें लिनक्सच्या गाभ्यांत, जेथें तीस वर्षें सीचेंच राज्य होतें, रस्टला प्रवेश मिळाला. त्यावरून कडाक्याचे वाद झाले. जुन्या जाणत्यांचा एक आक्षेप विचार करण्याजोगा होता : एकाच घरांत दोन भाषा नांदूं लागल्या, तर दोहोंची देखभाल कोण करणार ? याचें एक उत्तर अँड्रॉइडच्या अनुभवांत मिळतें. गूगलनें तेथील जुनी आज्ञावली पाडून नवी बांधली नाहीं. नवें लिखाण मात्र अधिकाधिक रस्टसारख्या सुरक्षित भाषांत केलें. २०१९ मध्यें तेथील सुरक्षादोषांपैकीं ७६ टक्के स्मृतीचे होते. २०२४ मध्यें तें प्रमाण २४ टक्क्यांवर आलें. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें २०२२ मध्यें आणि अध्यक्षांच्या कार्यालयानें २०२४ मध्यें अशा भाषांकडे वळण्याचा जाहीर सल्ला दिला. एलियट कंपनीच्या गिऱ्हाइकांनीं जें आपणहून मागितलें होतें, तें सांगण्याकरितां सरकारला पुढें यावें लागलें.

चुकीचा दंड कोणीं भरावा, हा या सगळ्या इतिहासाच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे. सी भाषेंत लिहिणाऱ्याचा दिवस सुखाचा जातो, आणि चूक झालीच तर तिचा दंड कॅनडांतील त्या नऊशें लोकांसारख्या निरपराध माणसांना भरावा लागतो. रस्टमध्यें तोच दंड आज्ञावली लिहिणारा स्वतः, आपल्या मेजावर, लिहितांलिहितांच भरतो. शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यांत जो त्रास होतो तो भाषेच्या उणेपणाचा नव्हे. एरवीं दुसऱ्याच्या दारीं जाणारें दुखणें तेवढें आपल्या दारीं आलेलें असतें. हें उमजून जो विद्यार्थी कंपायलरचा नकार शांतपणें वाचतो, आणि नक्कल काढण्यापूर्वीं या मूल्याचा मालक कोण असा प्रश्न स्वतःला विचारतो, त्याचा अभ्यास खऱ्या अर्थानें सुरू झाला.